नाव बदललं, पण आजीला घेता येईल असंच ठेवलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा दिवसांपासून तुमच्या पेपरात शाळा-कॉलेजांची अन गावांची नावं बदलण्यावर पत्रं येऊन राहिली आहेत, काही बाजूनं काही विरोधात, मी रोज सकाळी चहासोबत वाचतो. त्यातली बरीचशी बाहेरून बघणाऱ्यांची आहेत म्हणून आतून पाहिलेल्या माणसानं लिहावं असं वाटलं. अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात कीर्तन अन संस्कृत शिकवणारं कॉलेज आहे, मी तिथला प्राचार्य, आणि मागची दोन वर्षं आमच्या संस्थेचं नाव बदलायचं काम विश्वस्तांनी माझ्या गळ्यात टाकलं होतं. संस्थेचं नाव इथं मुद्दाम देत नाही, पत्राची जाहिरात होऊ नये. जुन्या नावात आधी आमच्या संस्थापक महाराजांचं नाव, मग ‘ब्रह्मचर्याश्रम’, मग ‘संस्कृत पाठशाळा’ असं होतं. आता महाराजांचं नाव तसंच आहे अन पुढं ‘कीर्तन व संस्कृत महाविद्यालय’ आहे. बघायला गेलं तर दोन-तीन शब्दांचा फरक, पण त्याच्यासाठी मी किती गावांचे पार झिजवले ते माझं मला माहीत.

आधी कारण सांगतो कारण लोकांना वाटलं की हे फॅशन म्हणून केलं. कारण मुली आहेत.

महाराजांनी संस्था काढली तेव्हा पोरं आश्रमात राहायची, माधुकरी मागायची, पहाटे काकडा, मग पाठांतर, दुपारी शेतात काम, संध्याकाळी हरिपाठ. तेव्हा ब्रह्मचर्याश्रम हे नाव बरोबरच होतं, जे होतं तेच लिहिलं होतं. पण पुढं पदवीचे वर्ग सुरू झाले, मुली यायला लागल्या, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं १७ मार्च २०२३ पासून, त्यानंतर तर आजूबाजूच्या खेड्यातून रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुली चांगल्याच वाढल्या. आज वर्गात निम्म्याच्या आसपास मुली बसतात. अन बाहेर पाटीवर ब्रह्मचर्याश्रम. आम्हाला आतल्यांना काही वाटत नव्हतं, रोजची पाटी माणूस वाचत नाही.

मग एक दिवस आमची एक मुलगी तालुक्याच्या एका खाजगी शाळेत संस्कृतच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. बापाची दोन एकर कोरडवाहू, तेही नाल्याकाठची, मुलगी संस्कृतात फर्स्ट क्लास अन पखवाजावर अभंगाला असा ठेका धरते की जुने बुवा कीर्तन थांबवून मागं वळून बघतात. तिची फाईल उघडून समोरच्यानं वाचलं आणि विचारलं, ब्रह्मचर्याश्रमात मुली कशा काय, हे सर्टिफिकेट खरं आहे का? बाकीचे हसले म्हणे. ती काही बोलली नाही, उठून आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर तीच फाईल ठेवली, प्लॅस्टिकची निळी फाईल, आणि एवढंच म्हणाली, ‘सर, मी शिकली ते खोटं आहे का?’ मी तीस वर्षं शिकवतो आहे, मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी रात्री मी विश्वस्तांना पहिलं पत्र लिहिलं.

मग जसजसा विचारत गेलो तसतशा बाकी गोष्टीही कळत गेल्या ज्या इतकी वर्षं कोणी तोंडावर बोललं नव्हतं. शेजारच्या गावातले एक गृहस्थ, पोरगा हुशार, गळा गोड, त्याला आमच्याकडे का नाही टाकलं असं विचारलं तर ते म्हणाले, ‘तुमच्या इथं मुंज झालेलेच पोट्टे घेतात ना सर?’ आमच्या महाराजांनी पहिल्या दिवसापासून एका पंगतीत सगळ्या जातीची पोरं बसवली, त्यापायी गावाचा राग ओढवून घेतला, आणि पाटीवरच्या एका शब्दानं लोकांना उलटंच वाटत होतं. हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

‘पाठशाळा’ शब्दाचाही असाच त्रास. पदवी विद्यापीठाची, मार्कशीटवर विद्यापीठाचा शिक्का, पण संस्थेच्या नावात पाठशाळा दिसली की समोरचा तिला शाळा समजतो, अन ऑनलाइन फॉर्म भरताना तर अजूनच गोंधळ. सैन्यात धर्मगुरू म्हणून भरती होते, जेसीओची म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरची पोस्ट असते, त्याला पदवी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. आमची दोन-चार पोरं दरवर्षी त्या तयारीला लागतात, पहाटे काकड्याच्या आधी रस्त्यावर पळतात, आणि त्यांना अभ्यासापेक्षा जास्त काळजी असायची की कागदावरचं हे नाव बघून कोणी अडवणार तर नाही.

तर बदलायचं हे ठरलं. काय ठेवायचं यावर खरी गोष्ट सुरू झाली.

एका विश्वस्तांच्या ओळखीनं मोठ्या शहरातले ब्रँडिंगवाले आले. लॅपटॉप, प्रोजेक्टर, सगळं व्यवस्थित. माणसं वाईट नव्हती, मन लावून काम करणारी होती. त्यांनी दाखवलं की आजकाल ऑनलाइन लोक काय शोधतात, परदेशातले विद्यार्थी कसे येऊ शकतात, आणि नाव सुचवलं त्यात ग्लोबल, वेदिक, सायन्स, इन्स्टिट्यूट असे शब्द एका ओळीत होते. महाराजांचं नाव खाली बारीक अक्षरात. लोगोमध्ये पृथ्वीचा गोल अन त्याच्यातून निघणारे किरण. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही ते आवडलं होतं. त्या निळ्या फाईलवर असं नाव असतं तर त्या पोरीला कोणी हसलं नसतं असं मनात आलं. दुसऱ्या एका विश्वस्तांचं म्हणणं होतं की सरळ ‘विद्यापीठ’च लावा, बाकी किती मठ-आश्रम लावतात. त्यांना मला कायदा दाखवावा लागला, यूजीसीचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा आहे अन त्याच्या कलम २३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की जे विद्यापीठ नाही त्याला नावात तो शब्द लावता येत नाही. ते ऐकले, पण नाराज झाले ते झालेच.

विश्वस्तांची बैठक व्हायची होती त्याच्या आठ दिवस आधी मी ज्वारी आणायला गेलो. आमच्याकडे अजून ती पद्धत आहे, काही घरं दरवर्षी संस्थेच्या कोठीत धान्य देतात. आता ज्वारी पेरतो कोण, सगळीकडे कापूस, सोयाबीन, तूर, वरच्या बाजूला संत्रा. पण एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, त्या दोन काकरं ज्वारी फक्त आमच्यासाठी पेरायला लावतात, पोरं कटकट करतात तरी. पाच पायल्या मोजून देतात, स्वतः बसून, दर पायलीला नाव घेऊन. मी त्यांना सांगितलं की आजी आता आश्रमाचं नाव बदलणार, अन हौसेनं ते नवं इंग्रजी नाव म्हणून दाखवलं. त्यांनी पायली खाली ठेवली. ‘काय म्हन्ते बाप्पा त्याले? पुन्हा एक डाव म्हना बरं.’ मी परत म्हटलं. त्यांनी म्हणून बघितलं, दोनदा बघितलं, जीभ वळेना. मग म्हणाल्या, ‘माह्या सासऱ्यानं महाराजाच्या नावानं देल्ली, म्या देल्ली. मले हे नाव घेताच येत नाई त आता कोनाच्या नावानं मोजू?’

बास. त्या ओसरीवर मला जे समजलं ते कोणत्या प्रोजेक्टरवर समजलं नव्हतं. वारकऱ्याच्या घरात नाव हीच तर सगळी पुंजी. देवळात जायला पाय चालत नाहीत, वारीला जायला पैसे नाहीत, त्यांना आपल्या संतांनी सांगून ठेवलं आहे की नाम घे, तेवढं पुरे. अन आम्ही त्याच माणसांच्या जिवावर उभी राहिलेली संस्था त्यांना नाव घेता येणार नाही अशी करायला निघालो होतो.

आमच्यापासून मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर काही फार लांब नाही. महानुभावांची काशी म्हणतात तिला, लीळाचरित्र तिथं लिहिलं गेलं, आणि आता तिथंच मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. आमचा संप्रदाय वेगळा, त्यांचा वेगळा, पण मी पोरांना नेहमी तिथली एक गोष्ट सांगतो. केशिराज व्यास मोठे पंडित, ते संस्कृतात लिहायला लागले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं अन म्हणाले की असं करू नका, अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे संस्कृत न समजणाऱ्या साध्या बाया वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वर्गात ती किती वेळा सांगितली असेल, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ती आठवायला ज्वारीची पायली लागली. बैठकीत मी हीच गोष्ट सांगितली, आजीचंही सांगितलं. ते इंग्रजी नाव त्याच दिवशी बाजूला पडलं. ब्रँडिंगवाल्यांना त्यांच्या कामाचे पैसे पूर्ण दिले, आणि त्यांच्यातल्या एका मुलानं नंतर स्वतःहून मराठी अक्षरात साधा लोगो करून पाठवला, वीणा आणि उघडी पोथी, तोच आज आम्ही वापरतो.

पण मराठी नाव ठरवलं म्हणजे सगळे खूश झाले असं नाही. सगळ्यात जास्त विरोध आमच्याच माजी विद्यार्थ्यांनी केला, आणि तो मला सगळ्यात जास्त समजून घ्यावा लागला. ही पोरं, आता पोरं कुठची, काहींची दाढी पांढरी झाली, गावोगावी कीर्तनं करतात. सप्ताहाच्या पत्रिकेवर, चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या नावाखाली कंसात आश्रमाचं नाव असतं. ते त्यांचं घराणं आहे. गायकाला घराणं असतं तसं. त्या नावावर त्यांना बोलावणं येतं, त्या नावावर त्यांचं घर चालतं. एक जण फोनवर रडले, म्हणाले सर मला बाप नव्हता, आश्रम हाच बाप, आता तुम्ही बापाचं नाव बदलता. याला काय उत्तर देणार? मी फोनवर वाद घातला नाही. त्यांच्या गावी गेलो, त्यांच्या घरी जेवलो, रात्री त्यांचं कीर्तन ऐकलं, दुसऱ्या दिवशी परत तेच बोललो.

असं करत मी जवळपास सगळ्या जुन्या मंडळींकडे गेलो. मोटरसायकलवर, उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधून. कुठं चहा मिळाला कुठं नुसता राग मिळाला. पण एक गोष्ट मी पहिल्या दिवशी ठरवली होती की ठराव आधी अन समजावणं नंतर असं करायचं नाही. आपल्या महाराष्ट्रानं हे बघितलं आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ ला झाला अन प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, मधल्या सोळा वर्षांत माणसं मेली, गरिबांची घरं जळाली. त्या नावात चूक काहीच नव्हती, नाव तर द्यायलाच पाहिजे होतं, मनं तयार नव्हती. आणि शेवटी मार्ग निघाला तो नामविस्ताराचा, म्हणजे मराठवाडा हा शब्दही राहिला. आमचं प्रकरण त्याच्यापुढं मुंगीएवढं, पण शिकायचं तर मोठ्यांकडूनच शिकावं ना.

माजी विद्यार्थ्यांची मोठी सभा झाली, भर वैशाखात, मांडवाखाली. दोन्ही बाजूंनी बोलले. एक तरुण कीर्तनकार उठले आणि म्हणाले, आपण ज्यांच्या मातीत जन्मलो त्यांच्याकडे बघा. शेंडगावचा डेबुजी, हातात गाडगं घेऊन फिरला म्हणून लोकांनी गाडगेबाबा म्हटलं, कोणी ठराव केला नव्हता. यावलीच्या माणिकला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं आणि तेच नाव राष्ट्रसंतांनी आयुष्यभर मिरवलं. नाव बदललं म्हणून आतला माणूस बदलला का? मांडव शांत झाला. लगेच मागून एक म्हातारे बुवा उठले आणि म्हणाले, बरोबर आहे, पण ती नावं गुरूनं दिली अन लोकांनी दिली, तुम्ही कमिटीनं देऊन राहिले. मला ते इतकं पटलं की मी तिथंच उठून सांगितलं की मग लोकांनीच द्या. सभेत पाच-सहा नावं आली. सगळ्या नावांत महाराजांचं नाव होतंच, त्यावर वादच नव्हता. ‘कीर्तन’ हा शब्द नावात पाहिजे हे त्या म्हाताऱ्या बुवांचं म्हणणं, आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं. आज लोक तोच शब्द आधी वाचतात.

आळंदीच्या संस्थेचं उदाहरणही त्या सभेत निघालं. जोग महाराजांनी १९१७ ला काढली, नाव फक्त ‘वारकरी शिक्षण संस्था’, साधे तीन शब्द, स्वतःचं नाव कुठं घातलं नाही, तरी उभा महाराष्ट्र तिला जोग महाराजांची संस्था म्हणतो. यावर काही जण म्हणाले की मग आपणही महाराजांचं नाव काढून साधं ठेवू. मी त्याला विरोध केला. त्यांच्याकडे स्वतः जोग महाराजांनी तसं ठेवलं होतं, आम्ही काढलं असतं तर तो पुसल्यासारखा प्रकार झाला असता.

पुसण्यावरून आठवलं, भांडी. आमच्या कोठीत पितळेची, तांब्याची भांडी आहेत, परात, गुंड, घंगाळ, मोठमोठी पातेली, सप्ताहाला निघतात. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, अमक्याच्या स्मरणार्थ ब्रह्मचर्याश्रमास अर्पण. नाव बदलायची बातमी गावात पसरली तेव्हा पहिल्यांदा कोण आलं असेल तर ही भांडी देणाऱ्यांच्या घरचे. एक शेतकरी आले, बापानं दिलेली परात होती, ते काही बोलले नाहीत, कोठीत जाऊन ती परात शोधली, तिच्यावरची अक्षरं बोटानं चाचपली, ‘सर, हे घासून काढणार का?’ एवढंच विचारलं. मी सांगितलं की या भांड्यांवरचं एक अक्षर कोणी घासणार नाही. पुढं विश्वस्तांच्या ठरावात मी ते लिहूनच घेतलं, की दानाच्या वस्तूंवरचं, दगडावरचं, जुन्या खोल्यांवरचं नाव जसं आहे तसं राहील. हा ठराव झाला आणि अर्धा विरोध त्या दिवशी मावळला. नाव बदलणाऱ्या कोणत्याही संस्थेला माझं कळकळीचं सांगणं आहे, काय बदलणार याच्या आधी काय बदलणार नाही ते सांगा.

आता कागदांचं. हे लिहायला नको वाटतं पण लिहिलंच पाहिजे कारण पुढं जी मागणी करतो आहे ती यातूनच आली. खास सभा घ्या, ठराव करा, मग धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट म्हणजे बदलाचा अहवाल द्या, नव्वद दिवसांच्या आत. वकील म्हणाले नव्वद दिवस म्हणजे लय होतात सर, मला ते पुरले नाहीत असंच वाटलं. (तो कायदासुद्धा १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक न्यास कायदा म्हणून झाला होता, त्याचं नाव पुढं महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायदा केलं, अन आजही जुने वकील त्याला बीपीटी ॲक्टच म्हणतात.) मग विद्यापीठाची मान्यता, मग पॅन कार्डावर नाव, नंबर तोच राहतो पण नाव दुरुस्त करावं लागतं, मग बँक, मग लाईट बिल, मग वेबसाईट, गूगल मॅप, शिक्के, लेटरहेड, टीसीची पुस्तकं. प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद मागतात. एका ठिकाणी म्हणतात विद्यापीठाचं पत्र आणा, तिथं गेलं की म्हणतात धर्मादायची ऑर्डर आणा. आमच्या क्लार्कनं या कामात एवढ्या चकरा मारल्या की त्याची पोरगी म्हणाली बाबा तुमची बदली अमरावतीला झाली का.

हे संस्थेचं झालं, संस्था कशीतरी निभावते. पोरांचं काय? मधल्या काळात एका बँकेत आमच्या काही मुलांची शिष्यवृत्ती अडकली कारण एका कागदावर कॉलेजचं नाव जुनं अन दुसऱ्यावर नवं, कॉम्प्युटर जुळवत नाही. तीन महिने. ज्याच्या घरी किराणा उधारीवर येतो त्याच्यासाठी तीन महिने म्हणजे काय ते सांगायला नको. डिजिलॉकरमध्ये काहींची मार्कशीट जुन्या नावाची, काहींची नव्या. एक मुलगा तर शिक्षण सोडून संत्र्याच्या ट्रकवर हमालीला जायच्या तयारीत होता, त्याला आमच्या शिक्षकांनी वर्गणी काढून थांबवला. ही चूक कोणा एका माणसाची नाही, पण भोगतं कोण तर ज्याचा यात काडीचा हात नाही तो विद्यार्थी.

म्हणून माझी उच्च शिक्षण खात्याला अन विद्यापीठांना तुमच्या पेपरातून विनंती आहे. संस्थेचं नाव बदललं की पुढची निदान पाच वर्षं प्रत्येक मार्कशीटवर आणि पदवीवर नव्या नावाखाली ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुनं नाव छापायची सोय करा. मान्यतेचं एकच पत्र असं काढा की जे बँकेला, शिष्यवृत्तीला, भरतीला सगळीकडे चाललं पाहिजे. आणि ज्या दिवशी नाव बदलायला मान्यता देता त्याच दिवशी ते शिष्यवृत्तीच्या अन डिजिलॉकरच्या यादीत बदलू द्या, संस्थेनं दारोदार फिरायची वेळ नको. विद्यापीठांना हे समजायला अवघड जाऊ नये कारण त्यांनी स्वतः हे भोगलं आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याला २००५ मध्ये राष्ट्रसंतांचं नाव लागलं, अमरावती विद्यापीठ १९८३ चं, त्याला पुढं गाडगेबाबांचं नाव लागलं, अन आमच्या भागातल्या कित्येक घरांत एका भावाची डिग्री जुन्या नावाची आणि दुसऱ्याची नव्या नावाची अशी भिंतीवर शेजारी-शेजारी फ्रेम केलेली आहे. त्या दोन्ही डिग्र्या खऱ्या आहेत हे जर सगळ्यांना समजतं तर आमच्या पोरांचं का समजू नये?

नवी पाटी लावायच्या दिवशी आम्ही पत्रकार परिषद घेतली नाही की मोठा पाहुणा बोलावला नाही. सकाळी गावातून दिंडी काढली, पुढं पताका, मग टाळकरी, पखवाजावर तीच मुलगी. पेंटर गावातलाच, त्यानं आदल्या रात्री बल्ब लावून पाटी रंगवली होती, पिवळ्यावर काळी अक्षरं, जुन्या पाटीच्याच मापाची. जुनी पाटी मोडीत दिली नाही, ती आता वाचनालयात आतल्या भिंतीला लावली आहे, खाली कोणत्या काळात हे नाव होतं ते लिहून. ज्वारीवाल्या आजींना बैलगाडीतून आणलं होतं, त्यांच्या हातानं नारळ फोडला. पाटी त्यांना वाचता येत नाही, कोणीतरी वाचून दाखवली. त्यांनी एकदा म्हणून बघितलं, महाराजांचं नाव घेऊन मग ‘कीर्तनाचं कॉलेज’ असं म्हणाल्या. महाविद्यालय म्हणाल्या नाहीत. मला तेवढ्यातच सगळं मिळालं.

एसटीचा कंडक्टर अजून ‘आश्रम फाटा’ म्हणूनच आवाज देतो. काही विश्वस्त म्हणाले महामंडळाला अर्ज करू, मी म्हटलं राहू द्या, तो फाटा लोकांचा आहे. ती मुलगी आता दुसऱ्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, कायम जागा अजून नाही मिळाली, नाव बदलल्यानं नोकऱ्या निघत नाहीत हे मलाही कळतं, पण यावेळी फाईल उघडल्यावर तिला कोणी तो प्रश्न विचारला नाही. आणि ते गृहस्थ ज्यांना मुंजीचं वाटत होतं, त्यांचा पोरगा या जूनपासून आमच्या पहिल्या वर्षाला आहे.

शेवटी एक निरोप, कारण आमचे बरेच माजी विद्यार्थी तुमचा पेपर वाचतात. ज्यांची सर्टिफिकेटं जुन्या नावाची आहेत त्यांना दोन्ही नावं एकाच संस्थेची असल्याचं पत्र आम्ही देतो, फी काही नाही. दर शनिवारी मी स्वतः ऑफिसात बसतो. येताना मूळ कागद घेऊन या, झेरॉक्स इथंच काढून देऊ, आणि लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी आलं तरी चालेल, पंगत अजून पहिल्यासारखीच वाढतो, त्याच परातींतून.

आपला नम्र,
एक प्राचार्य
जि. अमरावती